रुग्णाच्या उशाचा पहारा

आजाऱ्याच्या उशाशीं रात्रभर जागत बसणें हें आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें कर्तव्य आहे. तें करणारास कोणीं शिकविलेलें नसतें, आणि तें पार पाडल्याबद्दल त्याची कोणी वाखाणणीही करीत नाहीं. दिव्याची वात बारीक करून, हातांत पंखा घेऊन बसलेली आई किंवा आत्या ज्याच्या आठवणींत नाहीं, असा मनुष्य माझ्या वयाच्या लोकांत तरी विरळाच. पण आजारी माणूस घरांतून रुग्णालयांत गेला म्हणजे हा पहारा कोणाकडे जातो, तो कसा केला जातो, आणि पहारा करणाऱ्यावर पुन्हा कोण पहारा करतो, या प्रश्नांचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणीं लिहिलेला नाहीं. त्या इतिहासांतील एका धाग्याचा मागोवा घ्यावा, असें मनांत येण्यास एक लहानसा घरगुती प्रसंग कारण झाला. तो आधीं सांगतों.

गेल्या वर्षीं माझ्या वृद्ध मावशीस एका रुग्णालयांत ठेवावें लागलें. दुसऱ्याच रात्रीं ती कोणास हांक न मारतां खाटेवरून उठली, आणि पडली. सुदैवानें हाड मोडलें नाहीं. पण आम्हां सर्वांची झोंप उडाली. तिसऱ्या दिवशीं व्यवस्थापकांनीं तिच्या खोलींत कॅमेरा लावला, आणि दुसऱ्या मजल्यावर बसलेला एक मनुष्य पडद्यावरून तिच्या खाटेकडे पाहूं लागला. मला हायसें वाटलें. रात्रपाळीच्या नर्सबाईंना मीं तसें बोलून दाखविलें, तेव्हां त्या क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, "सर, आजींकडे कोणी पाहत असेल तर चांगलेंच आहे. पण तो कॅमेरा आजींकडे पाहतो कीं माझ्याकडे, हें अजून मला कोणीं सांगितलेलें नाहीं." त्या रात्रीं त्यांच्याकडे अठरा खाटा होत्या.

प्रथम मला त्यांचें बोलणें थोडेंसें आडमुठेपणाचें वाटलें. नवें यंत्र आलें कीं जुन्या कामगारांनीं कुरकुर करावी, ही जगाची रीतच आहे, असें समाधान मीं करून घेतलें. परंतु इतिहास शिकविणाऱ्या माणसाला मागें वळून पाहण्याची खोड असते. मागें पाहिलें तेव्हां माझें समाधान टिकलें नाहीं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हें नांव उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें हातांत दिवा घेतलेली बाई उभी राहते. पण क्रिमियाच्या युद्धांतील त्या दिव्याच्या आधीं एक घंटा आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें ती घंटा दिव्याहून महत्त्वाची आहे. १८५३ सालीं लंडनमध्यें हार्ले स्ट्रीट येथें आजारी कुलीन स्त्रियांसाठीं चाललेल्या एका लहानशा संस्थेचा कारभार नाइटिंगेलबाईंनीं पत्करला. कामावर रुजू होण्यापूर्वींच त्यांनीं पत्रानें कांहीं मागण्या केल्या. प्रत्येक मजल्यावर नळानें गरम पाणी यावें; रुग्णांचें जेवण वर चढविण्यासाठीं यांत्रिक पाळणा असावा; आणि रुग्णांच्या घंटा त्या त्या मजल्यावर परिचारिकेच्या दाराबाहेर वाजाव्या. प्रत्येक घंटेस एक झडप असावी, घंटा वाजतांच ती उघडावी आणि उघडीच राहावी, म्हणजे कोणत्या रुग्णानें बोलावलें हें परिचारिकेस पाहतां येईल. अशा सोयी नसल्या तर परिचारिकेचा जन्म जिने चढण्या-उतरण्यांतच जाईल, हें त्यांनीं ओळखलें होतें.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. रुग्णाची हालहवाल दूरवरून कळविणारें हें साधन एका परिचारिकेनें स्वतः मागितलें, आणि तें रुग्णाजवळ अधिक वेळ थांबतां यावें म्हणून मागितलें. तेव्हां परिचारिका ही जात्याच यंत्राची वैरीण असते, हा समज आरंभींच बाजूस ठेवावयास हवा.

घंटेनंतर इमारतीचा विचार आला. नाइटिंगेलबाईंचें रुग्णालयांवरील पुस्तक प्रथम १८५९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत त्यांनीं लांब, उघड्या, दोन्ही बाजूंस समोरासमोर खिडक्या असलेल्या वॉर्डांचा पुरस्कार केला. हवा आणि उजेड हीं त्याचीं प्रसिद्ध कारणें आहेत; परंतु देखरेख हेंही एक मोठें कारण होतें. सुमारें तीस खाटांच्या एका उघड्या वॉर्डावर एका मुख्य परिचारिकेची नजर राहूं शकते. तेच तीस रुग्ण लहान लहान खोल्यांत विभागले तर ती नजर तुटते. म्हणून मुख्य परिचारिकेच्या खोलीला संपूर्ण वॉर्ड दिसेल अशी खिडकी असावी, असा त्यांचा आग्रह होता. १८७१ सालीं लंडनमध्यें थेम्सच्या कांठीं उघडलेलें सेंट टॉमस रुग्णालय याच धर्तीचें होतें.

आतां या खिडकीस आणखी एक बाजू होती, आणि ती लपविण्याचें कारण नाहीं. जेरेमी बेंथॅम या इंग्रज तत्त्वज्ञानें १७९१ सालीं एका विलक्षण इमारतीची योजना छापली होती. मध्यभागीं एक मनोरा, सभोंवार कोठड्या; मनोऱ्यांतील एका माणसाला सर्व दिसावें, आणि तो केव्हां पाहतो आहे हें मात्र कोणालाही कळूं नये, अशी ती रचना. आपण ती तुरुंगाची योजना म्हणून ओळखतों; परंतु बेंथॅमनें पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच जी यादी दिली तींत कारखाने, शाळा आणि रुग्णालयें यांचीही गणना होती. नाइटिंगेलबाईंच्या खिडकींतूनही रुग्ण दिसत, तशा त्यांची शुश्रूषा करणाऱ्या कनिष्ठ परिचारिकाही दिसत. आणि शिस्तीच्या दृष्टीनें तें इष्टच आहे असें त्यांचें मत होतें. १८६० सालीं सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांच्या नांवाची जी परिचारिका-शाळा निघाली, तींत पहिल्या तुकडींत पंधरा उमेदवार होत्या. त्यांच्यापैकीं प्रत्येकीसाठीं दर महिन्यास एक तक्ता भरला जाई, आणि त्यांत कामांतील प्रगतीबरोबर वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा यांचीही नोंद होई. परिचारिका होणारी बाई चारित्र्यवान्‌ आहे अशी समाजाची खात्री पटवून दिल्यावांचून त्या धंद्यास प्रतिष्ठा मिळणार नव्हती, हें त्या तक्त्याचें कारण होय.

हाच अनुभव पुढें आपल्याकडेही आला. रमाबाई रानडे यांच्या पुणें सेवासदनानें ससून रुग्णालयांत परिचारिकेच्या शिक्षणासाठीं मुली व विधवा स्त्रिया पाठविण्यास आरंभ केला, तेव्हां त्यांना रोगापेक्षां लोकांच्या नजरेचें भय अधिक होतें. परपुरुषाच्या अंगाला हात लावणारी, रात्रीं घराबाहेर राहणारी बाई म्हणजे काय, अशा कुजबुजींतून त्यांना वाट काढावी लागली. तात्पर्य, इंग्लंडांत काय किंवा महाराष्ट्रांत काय, परिचारिका हा असा एक वर्ग आहे कीं, ज्याला दुसऱ्यावर नजर ठेवण्याचें काम देतांना समाजानें त्याच्यावरही नजर ठेवली. माझ्या मावशीच्या खोलींतील नर्सबाईंचा प्रश्न जुना आहे, तो असा.

यापुढचें प्रकरण मला या सर्व इतिहासांत अत्यंत उद्‌बोधक वाटतें. विसाव्या शतकाच्या मध्यास हृदयाचे ठोके सतत पडद्यावर दाखविणारीं यंत्रें सिद्ध झालीं, आणि विजेचा झटका देऊन बिघडलेली लय पूर्ववत्‌ करतां येते हेंही कळलें. १९६२ सालीं अमेरिकेंत कॅन्सस सिटी येथें ह्यूज डे या डॉक्टरांनीं हृदयरोग्यांसाठीं स्वतंत्र दक्षता विभाग उघडला. त्याच सुमारास फिलाडेल्फिया येथें लॉरेन्स मेल्ट्झर या डॉक्टरांनीं व रोझ पिनिओ या परिचारिकेनें तसाच प्रयोग आरंभिला. त्यांच्यापुढें अडचण अशी आली. पडद्यावर मरणाची खूण दिसली तर उपायाला अवघीं कांहीं मिनिटें असतात. पडद्यापाशीं चोवीस तास असते ती परिचारिका; आणि विजेचा झटका देण्याचा अधिकार मात्र डॉक्टरांचा, जो तेथपर्यंत पोंचेपर्यंत सर्व आटोपलेलें असावयाचें. जिला दिसतें तिच्या हातीं कांहीं नाहीं, आणि ज्याच्या हातीं आहे त्याला दिसत नाहीं, असा हा पेंच होता.

मेल्ट्झर आणि पिनिओ यांनीं तो सरळ सोडविला. परिचारिकांना हृदयाच्या आलेखाचें शिक्षण द्यावयाचें, आणि प्रसंग पडल्यास डॉक्टरची वाट न पाहतां झटका देण्याचा अधिकारही त्यांनाच द्यावयाचा. त्या काळच्या वैद्यकीय रूढीप्रमाणें हें मोठें धाडस होतें. १९६५ सालीं त्यांनीं परिचारिकांसाठीं या विषयाचें पाठ्यपुस्तक काढलें, आणि पाहतां पाहतां ही पद्धत सर्वत्र पसरली. या यंत्राविरुद्ध परिचारिकांनीं बंड केल्याचें आपण ऐकत नाहीं. त्याचें कारण उघड आहे: पडद्याबरोबर त्यांना अधिकार मिळाला, शिक्षण मिळालें आणि मानही मिळाला. डोळा आणि हात एकाच माणसाचे झाले.

आतां आपण आपल्या शतकांत येऊं. येथें दोन प्रवाह एकत्र मिळाले. पहिला पुन्हा इमारतीचा. उघड्या वॉर्डांत रुग्णास एकांत नसतो, आणि एकाचा रोग दुसऱ्यास लागण्याचें भय असतें. म्हणून हळूहळू स्वतंत्र खोल्यांकडे कल वळला, आणि २००६ सालीं अमेरिकेंतील रुग्णालय-रचनेच्या मार्गदर्शक नियमांनीं नव्या सामान्य रुग्णविभागांसाठीं एका खाटेची खोली हेंच प्रमाण ठरविलें. रुग्णाची सोय झाली, पण नाइटिंगेलबाईंची खिडकी बुजली. दुसरा प्रवाह पैशाचा. १ ऑक्टोबर २००८ पासून अमेरिकन सरकारच्या वृद्धांसाठींच्या मेडिकेअर या विमायोजनेनें असें ठरविलें कीं, रुग्णालयांत असतांना रुग्ण पडून त्यास इजा झाली तर त्या इजेवरील उपचाराचा वाढीव खर्च रुग्णालयास मिळणार नाहीं. पडण्याचा संभव असलेल्या प्रत्येक रुग्णाजवळ माणूस बसविणें महाग पडतें. तेव्हां एका माणसानें एका खोलींत बसून अनेक रुग्णांच्या खाटा पडद्यावर पाहाव्या, रुग्ण उठूं लागल्यास ध्वनिक्षेपकांतून 'उठूं नका, सिस्टर येत आहेत' असें सांगावें, आणि त्यानें न ऐकल्यास परिचारिकेस इशारा द्यावा, ही व्यवस्था रुग्णालयांना पटली. पाहणारा मनुष्य बहुधा परिचारिका नसतो. त्याला उठून जातां येत नाहीं. हात मात्र त्या परिचारिकेचेच, जी त्या वेळीं कदाचित्‌ तिसऱ्या खोलींत दुसऱ्या कोणाची जखम बांधीत असते. १९६२ सालीं जुळविलेले डोळा आणि हात येथें पुन्हा वेगळे झाले.

अतिदक्षता विभागांत हाच प्रयोग याआधींच सुरू झाला होता. २००० सालीं अमेरिकेंत व्हर्जिनिया संस्थानांतील नॉरफोक येथें दूरवर बसलेल्या तज्ज्ञ डॉक्टर-परिचारिकांनीं अतिदक्षता विभागावर कॅमेऱ्यांतून देखरेख करण्याची व्यवस्था प्रथम नेहमींच्या कामाचा भाग म्हणून उभी केली. पुढें ती अनेक ठिकाणीं गेली, आणि तिच्या फळाविषयीं दोन प्रसिद्ध अभ्यास झाले. २००९ सालीं छापलेल्या पहिल्या अभ्यासांत सहा अतिदक्षता विभाग तपासण्यांत आले, आणि दूरच्या देखरेखीमुळें एकंदर मृत्यूंच्या प्रमाणांत लक्षणीय फरक पडलेला दिसला नाहीं. दुसरा २०११ सालचा, मॅसॅच्युसेट्‌स संस्थानांतील वूस्टर येथील रुग्णालयाचा. त्यांत मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १३.६ वरून ११.८ वर उतरलें. कॅमेरे दोन्हीकडे होते, पडदेही दोन्हीकडे होते. मग फळांत हा फरक कां? एकच एक कारण सांगणें धाडसाचें होईल. परंतु पहिल्या अभ्यासांतील एक आंकडा डोळ्यांत भरण्यासारखा आहे. तेथील डॉक्टरांनीं दूरच्या मंडळींस उपचाराचा पूर्ण अधिकार दिला होता तो शेंकडा सुमारें ३१ रुग्णांच्याच बाबतींत. बाकीच्यांच्या बाबतींत प्राण कंठाशीं आल्याखेरीज त्यांनीं हात घालावयाचा नव्हता. दुसऱ्या ठिकाणीं मात्र दूरचे व जवळचे लोक मिळून रोजच्या उपचाराची उद्दिष्टें पाळीत होते, आणि इशारा येतांच त्याची तातडीनें दखल घेतली जात होती. ज्यांना पाहण्यास बसविलें त्यांच्यावर विश्वास नसेल, तर त्यांचें पाहणें व्यर्थ जातें, एवढा बोध तरी यांतून घेण्यास हरकत नाहीं.

इशाऱ्यांच्या बाबतींतही तेंच. अमेरिकेंत रुग्णालयांस मान्यता देणाऱ्या संस्थेनें २०१३ सालीं एक सूचनापत्र काढलें. २००९ च्या आरंभापासून २०१२ च्या मध्यापर्यंत यंत्रांच्या इशाऱ्यांशीं संबंधित असे ९८ प्रसंग तिच्याकडे नोंदले गेले होते, आणि त्यांपैकीं ८० प्रसंगीं रुग्ण दगावला होता. दिवसरात्र इतक्या घंटा वाजतात कीं कोणती खरी हें कानास कळेनासें होतें. नाइटिंगेलबाईंनीं मागितलेली घंटा एका रुग्णाची हांक होती. शंभर घंटा एकदम वाजूं लागल्या म्हणजे ती हांक राहत नाहीं, गलका होतो.

परिचारिकांना हें दूरचें पाहणें आवडतें कीं नाहीं, याचीही पुष्कळ तपासणी झाली आहे. तिचा सूर एकंदरींत निराशेचा नाहीं. आरंभीं कामांत ढवळाढवळ होईल, आपल्यावर हेरगिरी होईल अशी भीति असते. पुढें पडद्यामागचीं माणसें ओळखीचीं झालीं, मध्यरात्रीं एखाद्या नवख्या परिचारिकेस त्यांच्याकडून सल्ला मिळूं लागला, म्हणजे ती भीति पुष्कळशी निवळते. २०२० सालच्या कोविडच्या साथींत तर उलटच घडलें. रुग्णाच्या खोलींत प्रत्येक वेळीं जातांना संपूर्ण संरक्षक पोशाख चढवावा लागे, आणि तो पुरेसा मिळत नसे. तेव्हां कित्येक ठिकाणीं तान्ह्या बाळांच्या खोलींत ठेवण्याचे कॅमेरे रुग्णांच्या खोल्यांत मांडण्यांत आले, आणि परिचारिकांनीं त्यांचा आधार घेतला. महाराष्ट्रांतही त्या वर्षीं कांहीं शासकीय रुग्णालयांत दूरस्थ अतिदक्षता सेवेचा प्रयोग झाला. ज्या कॅमेऱ्याचा कालपर्यंत संशय येत होता तोच त्या दिवसांत सोबती झाला, कारण तो कोणासाठीं लावला आहे याविषयीं कोणाच्याच मनांत किंतु नव्हता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. परिचारिकेवर नजर ठेवलीच तर काय बिघडलें? रुग्णाची हेळसांड होते, क्वचित्‌ त्याच्याशीं कठोरपणाही होतो. मग पहारेकऱ्यावर पहारा नको काय? मला वाटतें, हवा. स्वतः नाइटिंगेलबाईंनीं तो ठेवला. परंतु त्यांच्या मासिक तक्त्याचें एक वैशिष्ट्य होतें: तो तक्ता आहे हें सर्वांस ठाऊक होतें, आणि तो भरणारी बाई त्याच रुग्णालयांत काम करीत असे. बेंथॅमच्या मनोऱ्याची मात्र सारी मातब्बरी पाहणारा दिसत नाहीं यांतच होती. रुग्ण सांभाळण्याच्या नांवाखालीं लावलेल्या कॅमेऱ्यांतून गुपचुप परिचारिकेच्या विश्रांतीचीं मिनिटें मोजलीं जाऊं लागलीं, तर ती त्याकडे पाठ फिरवील, आणि त्याचें नुकसान शेवटीं रुग्णासच सोसावें लागेल. शिवाय रुग्णासही लाज आहे, एकांताची गरज आहे. त्याच्या अंगावरील वस्त्र बदलतांना पडदा बंद होतो कीं नाहीं, हें त्याला व त्याच्या आप्तांना सांगितलें गेलें पाहिजे.

या दीडशें-पावणेदोनशें वर्षांच्या प्रवासावरून मला एवढेंच दिसतें कीं, परिचारिकांनीं यंत्राचा स्वीकार केला तो त्यानें त्यांच्या हातांस बळ दिलें तेव्हां. आणि त्या बिचकल्या तें त्यानें हात काढून घेऊन नुसते डोळे वाढविले तेव्हां. घंटा त्यांनीं मागितली. हृदयाचा पडदा अधिकारासह मिळाला, म्हणून तो त्यांनीं आपलासा केला. खोलींतील कॅमेरा पुष्कळदां त्यांना न विचारतां आला, आणि त्याच्याबरोबर एखादी परिचारिका अधिक येण्याऐवजीं उशाशीं बसणारा माणूस मात्र उठून गेला. तेव्हां त्यांना हें नवें साधन पटतें कीं नाहीं, याची तपासणी करण्यापूर्वीं आपण त्यांना काय देऊं केलें आहे, याचा हिशेब मांडावयास हवा. अठरा खाटांमागें एक परिचारिका असेल, तर अठरा कॅमेरे लावूनही हात दोनच राहतात.

माझी मावशी बरी होऊन घरीं आली. निघण्याच्या दिवशीं मीं व्यवस्थापकांना भेटून त्या नर्सबाईंचा प्रश्न त्यांच्या नांवाचा उल्लेख न करतां विचारला: कॅमेरा नक्की कोणाकडे पाहतो? तसें ठरविलेलें कांहीं नाहीं, असें उत्तर मिळालें. मीं म्हटलें, मग तें ठरवा, आणि लिहून खोलीच्या दारावर लावा. त्यांनीं मान डोलविली. तो कागद लागला कीं नाहीं तें मला ठाऊक नाहीं. घरीं आल्यावर मावशीला विचारलें, रात्रीं भिंतींतून आवाज येई त्याची भीति नाहीं का वाटली? ती म्हणाली, "आवाज कुणाचा तें कळत नसे रे. पण त्यापाठोपाठ ती पोरगी धांवत येई, म्हणून मी पडून राहीं."